राणीच्या विलापातली शेळी

एका संस्थानात राणीसाहेब गेल्या, तेव्हा दरबारी कवी त्र्यंबकशास्त्र्यांनी विलाप रचला. राजाच्या काळजाला तो असा भिडला, की हा विलाप दुसऱ्या कुणासाठी गायचा नाही, अशी दवंडीच पिटली गेली. आणि वर्ष सरता सरता कोंडाई कुंभारणीनं तोच विलाप आपल्या सुनेच्या तिरडीपाशी गायला.

सुनेची राख सावडायच्या दिवशीच तिला दरबारात उभं केलं. रडून रडून म्हातारीचा आवाज बसला होता.

"शब्दन् शब्द माझा चोरलाय," शास्त्री कडाडले. "हिला हद्दपार करा!"

राजानं विचारलं, "काय गं, खरं का?"

"महाराज, 'दाव्याची शेळी तुझी वाट बघते' असं त्यात येतं. राणीसाहेबांनी शेळी पाळली होती का?"

शास्त्री उगाच पागोटं चाचपू लागले.

"ती शेळी माझ्या सासूची. सासू गेली तेव्हा मी गायले, शास्त्रीबुवा पारावर बसून ऐकत होते. सुनेचीही शेळीच होती, म्हणून परवा शेळी राहू दिली. गाणं मीसुद्धा सासूकडूनच उचललंय, त्यात पाप नाही. पण जे माणूस गेलं, त्याचं काहीतरी त्यात घालावं लागतं. शास्त्रीबुवांनी तेवढंही केलं नाही. वर्षभर तुम्ही माझ्या सासूसाठी रडताय, महाराज."

राजा म्हणाला, "राणीचा पोपट अजून तिच्याच आवाजात मला हाक मारतो."

कोंडाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसलेल्या आवाजात पोपटापासून सुरुवात केली.