घंगाळातला दगड

फार जुनी, उन्हाळ्यातली गोष्ट. वेणूताईंनी बागेत शेवग्याखाली पाखरांच्या आंघोळीसाठी तांब्याचं खोल घंगाळ भरून ठेवलं आणि मधोमध एक खडबडीत दगड ठेवला.

घंगाळ कुरकुरलं, "ताई, हा काळा धोंडा माझी जागा अडवतो. काढा बरं त्याला!"

ताईंनी हसून दगड उचलला. मग बुलबुल आला, काठावरून आत डोकावला आणि उडून गेला. साळुंकीनंही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी चिमणी धापा टाकत आली. घंगाळानं विचारलंच, "अगं, ताई मला रोज घासतात, पाणी ताजं भरतात. तरी आंघोळीला कुणीच कसं उतरत नाही?"

"पाणी छानच आहे," चिमणी म्हणाली, "पण मी उभी कुठे राहू?"

घंगाळानं लगेच हाक मारली, "अहो ताई, आमचे दगडदादा कुठे ठेवलेत?"