प्रीतिभोजनाची शाई

"आता तुम्हीच सांगा बाई, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

शलमोन चोपडे हे विचारतच चर्चच्या मागच्या अंगणात शिरला. त्याच्या मुठीत एका म्हातारीचं मनगट होतं, आणि ती बिचारी त्याच्या लांब ढांगांमागं फरफटत येत होती.

"अवो शेठ, सोडा की! पळून जायला गुडघं तरी पायजेत का नकोत?"

चुलीपाशी पाटावर बसलेल्या दीनाबाईंनी मान वर केली.

"आधी हात सोड."

शलमोननं सोडला.

नाताळची दुपार होती. मिरज स्टेशनाच्या आसपास ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही अशांना त्या दिवशी बोलवायचं, अंगणात पंगती मांडायच्या, भात, मटणाचा रस्सा आणि पानात एक करंजी वाढायची, ही त्या चर्चची जुनी रीत. त्या जेवणाला तिथे प्रीतिभोजन म्हणतात. एकतीस वर्षं ते दीनाबाईंनी चालवलं. आता हातातला वाढायचा डाव जड वाटायला लागला होता, म्हणून पुढच्या वर्षापासून तो कुणाच्या हाती द्यायचा, त्याचं नाव त्या आज संध्याकाळच्या उपासनेत सांगणार होत्या.

ते नाव आपलं असावं, असं शलमोनला फार वाटत होतं.

वाटण्यात गैर काही नव्हतं. चौथीत शाळा सुटलेला हा माणूस. हळदीच्या पेठेत पोती वाहता वाहता धंदा शिकला आणि आज त्याच पेठेत त्याची स्वतःची वखार होती. ओल, कीड, भेसळ, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. बाजारात सगळे त्याला शेठ म्हणायचे. पण लहानपणी पहिली प्रार्थना पाठ करून घेतली ती दीनाबाईंनी, त्यामुळे त्यांच्यापुढे आला की आपोआप चपला काढायचा.

आज चपला पायातच राहिल्या.

"काय केलंय हिनं?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्यांदा जेवायला आली!"

"बरं. मग?"

"बरं काय बाई? गेल्या वर्षी काय झालं ते विसरलात? एकेक जण तीन-तीनदा पानावर बसला. शेवटी चाळीस माणसं फाटकावरनं रिकाम्या पोटी परत गेली. तुम्ही रडलात. मी बघितलंय."

"रडले."

"मग? यंदा मी बंदोबस्त केला. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला शाई. एक बोट, एक जेवण."

बाई चुलीतलं लाकूड सारायला लागल्या. त्या बोलत नाहीत असं दिसलं की शलमोनला एखादी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नसे.

"वखार नवीन होती तेव्हाची गोष्ट. एका दलालानं एकच पोतं पुढच्या दारानं आणून मोजून दिलं, मागच्या दारानं काढलं आणि परत पुढच्या दारानं आणलं. मी आपला मोजतोय! एकवीस पोती मोजली, वखारीत बघतो तर चौदा. त्या दिवसापासून मोजलेल्या पोत्यावर लगेच मार्का. आजतागायत मला कुणी फसवलेलं नाही."

"शाई कुठली?"

"वखारीतलीच. पोत्यांवर मार्का मारायची. आठ दिवस हलत नाही!"



शलमोननं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा अहवाल. संध्याकाळी वाचायचा. जेवणारे एकशे ऐंशी. दुबार जेवणारे शून्य. गेल्या वर्षीपेक्षा गर्दी कमी, आणि साठ पानांचं अन्न शिल्लक. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं, बाई. आणि ही बया! हिनं काय केलं असेल? शाईचं बोट विटेनं घासलं आणि तिसऱ्या पंगतीत येऊन बसली साळसूदपणे. दाखव गं बोट बाईंना."

म्हातारीनं उजवा हात पुढे केला.

दीनाबाईंनी तो हातात घेतला. तर्जनीच्या पेराची कातडी सोलून निघाली होती. कडेला अजून थोडी निळाई होती, मध्ये लाल मांस.

"नाव काय तुझं?"

"हौसाक्का. दोन नंबर फलाटावर असते. बाटल्या गोळा करते."

"कशानं घासलंस?"

"आधी राखंनं. न्हाई गेली. मग चुना लावला. मग विटकर घेतली. शाई लई भारी हाय शेठची. नाव ठिवायला जागा न्हाई."

"दुखलं नाही?"

"दुखलं की."

"सकाळी पोटभर मिळालं नव्हतं?"

"मिळालं. झ्याक हुतं. करंजीबी खाल्ली."

"मग परत कशाला आलीस?"

हौसाक्कानं बाईंकडे बघितलं, एवढ्या वयाच्या बाईला हे कसं कळत नाही, अशा नजरेनं.

"आज हाय म्हणून आज खाते. उद्या नाताळ हाय व्हय?"

"ऐकलंत?" शलमोनचा आवाज चढला. "वर तोंड करून सांगतेय! बाई, मी हळकुंड मोडलं की आतला रंग सांगतो. ही जात मला कळते. ह्यांना दया दाखवली की…"

"शेठ," हौसाक्का मध्येच म्हणाली, "अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं मी लई बघितली. तुमी तर अख्खी वखार अंगाला फासलीया."

पाण्याच्या टाकीपाशी ताटं धुणाऱ्या बायकांपैकी एक जण फिस्सकन हसली. शलमोननं तिकडे बघितल्यावर तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलतच राहिले.

"पोत्यावर मार्का कशाला मारतात रे, शलमोन?" दीनाबाईंनी विचारलं.

"माल कुणाचा ते कळावं म्हणून."

"ही कुणाची?"

शलमोन हातातल्या कागदाची घडी घालायला लागला.

"कुणाचा मार्का मारलास हिच्यावर?"

"बाई, तुम्ही शब्दात पकडताय. त्या चाळीस जणांसाठी केलं मी हे."

"त्या चाळीस जणांसाठी मी रडले," दीनाबाई म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता, पण हौसाक्काचा हात त्यांनी सोडला नव्हता. "कुणाचं बोट नाही सोलवलं."

चुलीतलं लाकूड तडकलं.

"शाईची बाटली आण."

शलमोनला हायसं वाटलं. बाई कितीही बोलल्या तरी शेवटी शिस्त त्यांनाही कळते. दुसऱ्या बोटाला लावतील, म्हणजे प्रश्न मिटला. तो फाटकाजवळच्या टेबलावरून बाटली आणि काडी घेऊन आला.

बाईंनी झाकण काढलं. "हात पुढे कर."

हौसाक्कानं निमूट डावा हात पुढे केला.

"तुझा नको. शलमोन, तुझा."

"माझा?"

"सकाळी उठल्यावर काय खाल्लंस?"

तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"चहा… आणि केकचा तुकडा."

बाईंनी त्याचा अंगठा धरला आणि नखापासून पेरापर्यंत शाई ओढली.

"मग?"

"सकाळच्या उपासनेच्या आधी घरी पुरीभाजी. बाई, लोक बघतायत…"

तर्जनी.

"मग?"

"उपासना सुटल्यावर चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांकडे फराळ. नाताळला कुणाला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"भूक होती?"

"…नव्हती."

मधलं बोट.

"इथं आल्यावर?"

"इथं कुठं? तेव्हापासून उभा आहे मी फाटकावर. फक्त मीठ बघायला वाटीभर रस्सा."

"एकदा?"

शलमोन चुलीकडे बघायला लागला.

"दोनदा," टाकीपाशी हसलेली बाई म्हणाली. "मटणाची नळी मागून घेतली दुसऱ्यांदा."

चौथं बोट. हौसाक्का मान वाकडी करून मन लावून बघत होती. एखाद्या नवरीच्या हातावर मेंदी काढताना बघतात तशी.

बाईंनी करंगळी धरली.

"आता नाही, बाई! देवाशपथ. त्यानंतर पाणीसुद्धा प्यायलो नाही."

दीनाबाईंनी नुसती व्हरांड्याकडे मान वळवली. उरलेल्या अन्नाचे स्वयंसेवकांसाठी भरलेले डबे तिथे ओळीनं मांडले होते. पहिलाच चार पुडांचा. त्याच्या झाकणावर 'चोपडे' कोरलेलं होतं.

"तो घरी न्यायचाय. त्यातलं अजून खाल्लेलं नाही."

"शाई तू जेवायच्या आधी लावतोस का नंतर?"

शलमोननं डब्याकडे बघितलं.

"…आधी."

करंगळी निळी झाली.

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "साठ पानांचं अन्न उरलं म्हणालास."

"हो."

"का उरलं?"

"दुबार थांबले म्हणून."

"अवो कशाचं दुबार?" हौसाक्का म्हणाली. "पुलाखालची माणसं आलीच न्हाईत आत. ती काय, रस्त्याच्या पल्याड बसल्यात. फाटकावर शाई बघितली आन् मागं सरली. त्यास्नी वाटतं, हातावर नंबर घालून पोलीस गाडीत भरून नेत्यात. मागं एकदा नेलं हुतं. पोराबाळास्नी घिऊन बसल्यात उनात. वास येतोय न्हवं रश्श्याचा… पर उठंनात."

शलमोन वळला. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, भिंतीच्या कडेनं माणसं बसली होती. सकाळपासून त्यानं ती बघितली होती. कसली तरी माणसं बसली आहेत, एवढंच बघितलं होतं. हळकुंडातली कीड लांबून ओळखणारा माणूस, पण त्या भिंतीकडे त्यानं दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

तो टाकीपाशी गेला आणि नळाखाली हात धरून चोळायला लागला. पाणी निळं होईना. बोटं आणखीच गडद दिसायला लागली.

"आधी राख लावा, शेठ," हौसाक्का मनापासून म्हणाली. "मग चुना. विटकर मी ठिवलीया जपून, दिऊ का?"

या वेळी कुणी हसलं नाही.

शलमोननं नळ बंद केला. चपला तिथेच काढल्या आणि अनवाणी फाटकाबाहेर गेला.

"या," तो रस्त्यावरून म्हणाला. "जेवायला या. शाई नाही लावणार कुणाला."

कुणी उठलं नाही. एका बाईनं पोर मागं ओढून घेतलं.

"खरंच नाही लावणार."

भिंतीजवळचा एक म्हातारा म्हणाला, "सकाळी बी असंच ग्वाड बोलत हुता तुमी."

शलमोननं हात वर केला, नुसताच, कुणाला थांबवायला करतात तसा. पाचही निळी बोटं उन्हात दिसली.

म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला.

"आयला," तो म्हणाला, "ह्येलाच धरलंय की!"

तिकडून हसू फुटलं. ज्याला पाच-पाच मार्के बसलेत तो आपल्याला काय धरून नेणार! आधी पोरं उठली, मग बायका, मग म्हातारा गुडघ्यावर हात टेकत. बघता बघता चौथी पंगत बसली. तेहतीस माणसं.

शलमोननं आपला चार पुडांचा डबा उघडून पातेल्यात ओतला. मग दुसरे डबे. ज्यांचे होते त्यांच्यातल्या कुणी कपाळाला आठ्या घातल्या, पण तोंड उघडलं नाही. दीनाबाईंनी डाव त्याच्यापुढे धरला आणि तो वाढायला लागला.

पंगतीच्या टोकाला हौसाक्का बसली होती. तिच्या बोटाला टाकीपाशी हसणाऱ्या बाईनं हळद दाबून चिंधी बांधली होती. तिच्या पानापाशी शलमोनचा हात अडला. फार नाही, एक श्वासभर. मग त्यानं भात वाढला, रस्सा वाढला.

"नळी हाय का?" हौसाक्कानं विचारलं.

त्यानं पातेलं ढवळून शोधली आणि वाढली.

पंगत उठली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि उपासनेची पहिली घंटा झाली होती. शलमोन दीनाबाईंच्या पाटापाशी आला आणि खाली जमिनीवर बसला. संध्याकाळी नाव कुणाचं घेणार, हे विचारायचं होतं. ते ओठापर्यंत आलं आणि परत गेलं.

त्यानं कागद काढला. निळ्या बोटांनी उलगडला.

"बाई… हा अहवाल. एकशे ऐंशीचे दोनशे तेरा करतो. पण खाली 'दुबार शून्य' लिहिलंय मी. सगळ्या मंडळीसमोर वाचायचंय… तिथं आता काय लिहू?"

दीनाबाई पदराला हात पुसत उठल्या.

"दोन लिही. त्यातलं आधी कुणाचं नाव घालायचं ते तुझं तू ठरव… पण हिशेब खरा ठेव, बाबा."