आतली कड

रस्त्यांवर गाड्या कमी आणि खड्डे जास्त होते, त्या काळी एका मोटारीचा पुढचा डावा टायर आतल्या कडेनं झिजू लागला. त्याचा धाकटा भाऊ स्टेपनी म्हणून डिकीत पडून होता.

"दादा, कण्हतोस का रे?"

"चाक वाकडं बसलंय. चालतो कुठला, फरफटतोय."

धाकटा बोंबलला, "अरे, कुणीतरी चाक सरळ करा!"

बाकीचे तिघे टायर हसले. "रस्ता सगळ्यांना सारखाच. तुझा दादाच नाजूक!"

गाडी एका बाजूला ओढते, हे मालक शेडगेअण्णांनाही कळलं. त्यांनी टायरची बाहेरची बाजू पाहिली. ती धडधाकट होती. "दृष्ट लागली," म्हणत त्यांनी चाकाखाली लिंबू चिरडलं.

तिसऱ्या दिवशी घाटात दादा फुटला.

धाकट्याला त्याच जागी बसवलं. तिघे म्हणाले, "तू तरी नीट चाल हो."

"नीटच चालत होता तो!" धाकटा कडाडला. "जागा वाकडी होती, मेल्यांनो! तुम्ही हसलात, आणि मालकानं खाली वाकून एकदा आत बघितलं नाही!"

तेवढ्यात अण्णा आले. त्यांच्या हातात नवं लिंबू होतं.

गाडी हलली. लिंबू फुटलं. कोसभर गेल्यावर धाकट्याच्या आतल्या कडेला चुरचुरू लागलं.