निळोपंतांचे रद्द झालेले दाणे

डोंगराच्या पायथ्याशी सांजवे नावाचे गाव होते आणि तिथे निळोपंत नावाचे एक विद्वान म्हातारे राहत होते. दूरच्या पाठशाळेत त्यांनी न्यायशास्त्राचा बरीच वर्षे अभ्यास केला होता. पण कुठलीही गोष्ट ठरवायची म्हटली की त्यांचा निर्णयच होत नसे. भाजी वांग्याची करायची की भोपळ्याची, एवढे विचारले तरी ते दोन्ही बाजूंनी विचार करत बसत. तोवर घरात पिठले शिजून तयार असे.

आसपासच्या गावांचा मिळून एक न्यायाधीश असे आणि त्याला लोकच निवडत. आधी प्रत्येक गाव आपल्यातले एक नाव निवडून पुढे पाठवी. या पहिल्या निवडीला सांजव्यात 'चाळणी' म्हणत. चाळणीच्या दिवशी चावडीत मडकी मांडत आणि दाण्यापुरते भोक ठेवून त्यांची तोंडे कापडाने बांधत. माणशी हरभऱ्याचे दोन दाणे मिळत. एक दाणा पसंतीच्या उमेदवाराच्या मडक्यात टाकायचा. गावापुढे जो ठराव असेल त्याचे एक मडके होकाराचे आणि एक नकाराचे असे, दुसरा दाणा त्यांतल्या एकात टाकायचा.

पुष्कळांना वाचता येत नसे. म्हणून प्रत्येक आळीचा एक 'सांगणारा' असे. तो उमेदवारांची आणि ठरावाची माहिती देई, आपले मतही सांगे. आळी बहुधा त्याचेच ऐके. मात्र चावडीपुढे डफ वाजला की सांगणाऱ्याने तोंड बंद ठेवायचे. त्यानंतर जो सांगणारा मताविषयी बोलेल त्याचे दाणे रद्द होत आणि त्याला पुन्हा कधी सांगणारा होता येत नसे.

खालच्या आळीचे सांगणारे होते निळोपंत.

त्या वर्षी दोन उमेदवार होते. भुजंगराव घरोघर गेला. प्रत्येक अंगणात तो मांडी ठोकून म्हणाला, "तुमचं काम झालं समजा. माझ्याकडं तारीख नाही, वायदा नाही. तक्रार आली की त्याच दिवशी निवाडा!" ठरावही त्यानेच आणला होता. गावातल्या प्रत्येक तक्रारीचा निकाल ती आली त्याच दिवशी लागलाच पाहिजे, असा तो ठराव होता. दुसरा उमेदवार कोंडाजी. त्याला कुणी आपले गाऱ्हाणे सांगू लागले की तो हात जोडी. "समोरचा माणूस इथं नाही. त्याच्या माघारी मी काय बोलू?" लोक म्हणत, "हा कसला कोरडा माणूस! याच्यापेक्षा चावडीचा खांब बरा, निदान टेकता तरी येतं."

निळोपंतांना भुजंगरावाची भुरळ पडली. ज्याला स्वतःला काही ठरवता येत नाही, त्याला चटकन ठरवणारा माणूस फार मोठा वाटतो. तसेच त्यांचे झाले. त्यांनी आळीला सांगितले, "भुजंगराव स्पष्ट बोलतो. ठरावही चांगला आहे. उशिरा मिळालेला न्याय काय कामाचा?" हे सांगताना त्यांचा आवाज कधी नव्हे इतका ठाम होता. आळीलाही बरे वाटले.

चाळणीचा दिवस उजाडला. डफ वाजला. खालची आळी रांगेत उभी राहिली. मडकी घडवणारा हणमा कुंभार निळोपंतांच्या मागे होता. तो म्हणाला, "तात्या, दाणे मुठीत घट्ट धरा. नाहीतर विचार करता करता चावून टाकाल." रांग हसली. निळोपंतही हसले.

त्यांच्या पुढे सगुणा उभी होती. ती विधवा होती. शेजारच्या रावजीने तिच्या शेताचा बांध कोरत कोरत विहिरीपर्यंत आणला होता आणि आता तो विहिरीवरही हक्क सांगत होता. विहीर गेली असती तर तिचे सगळे शेत कोरडे पडले असते. ती मागे वळून हळूच म्हणाली, "तात्या, आता माझ्या जिवाचा घोर जाईल. रावजी म्हणालाय, उद्या सकाळीच तक्रार घालतो. मी म्हटलं, घाल बापड्या! एकदाचा निकाल तर लागेल. बांधाचा दगड पुरला तेव्हा माझा भाऊ बिरू तिथंच होता. त्यानं साक्ष दिली की झालं."

"बिरू कुठं आहे?" निळोपंतांनी विचारले.

"मेंढरं घेऊन कोकणात गेलाय. येईल की उन्हाळ्याच्या तोंडाला."

रावजी उद्या तक्रार घालणार. ठराव मंजूर झाला तर न्यायाधीश कुणीही असो, उद्याच निवाडा. बिरू कोकणात. सगुणाची बाजू सांगायला कुणीच नाही. आणि ही बाई त्याच ठरावाच्या होकाराच्या मडक्यात दाणा टाकायला निघाली होती, कारण निळोपंतांनी तसे सांगितले होते.

रांग पुढे सरकली. काल मी चुकलो की आज चुकतो आहे? लवकर निकाल लागावा असे वाटणारी माणसेही गावात आहेत, त्यांचे काय? बोललो तर दाणे जातील, मान जाईल, आळी हसेल. नाही बोललो तर? कदाचित ठराव तसाही पडेल. कदाचित रावजीला दया येईल. आपण स्वतःला फसवतो आहोत हे त्यांना कळत होते, तरी जीभ हलत नव्हती. आता सगुणापुढे एकच माणूस उरला होता.

"थांबा!" निळोपंत ओरडले. आवाज चिरकला. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं!"

सगळी चावडी वळून पाहू लागली. चौकटीशी उभा असलेला भुजंगराव गरजला, "डफ वाजलाय, पंत! दाणे रद्द!"

"होऊ देत रद्द," निळोपंत म्हणाले. "त्याच दिवशी निवाडा म्हणजे जो त्या दिवशी गावात नाही त्याच्याविरुद्ध निवाडा. ज्याचा साक्षीदार लांब आहे, त्याच्याविरुद्ध निवाडा. हे मला आधी दिसायला हवं होतं. आणि भुजंगरावानं अंगणाअंगणात काम झालं समजा म्हणून सांगितलंय. सगुणाच्याही अंगणात सांगितलं असेल."

"सांगितलं की," सगुणा म्हणाली.

"आणि रावजीच्या?"

रांगेच्या टोकाला उभा असलेला रावजी पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. त्याचे तोंड पाहून सगळ्यांना उत्तर कळले.

हणमा कुंभार चिडला. "काल एक, आज एक! तात्या, आम्ही आता टाकायचं तरी कशात?"

"ते मला विचारू नका," निळोपंत म्हणाले. "फक्त एवढं मनात आणा, की तक्रार तुमच्याविरुद्ध आहे आणि तुम्ही परगावी आहात."

त्यांनी आपले दोन्ही दाणे चावडीच्या उंबऱ्यावर ठेवले आणि मान खाली घालून ते घरी गेले. दिवसभर त्यांना अन्न गोड लागले नाही. आपण एका चुकीवर दुसरी चूक तर केली नाही ना, हाच विचार त्यांना खात राहिला.

संध्याकाळी मडकी उपडी केली. ठराव पडला. कोंडाजीचे नाव थोड्याच दाण्यांच्या फरकाने पुढे गेले आणि पुढच्या निवडीत तोच न्यायाधीश झाला. रावजीने घातलेली तक्रार त्याच्यापुढे आली. कोंडाजीने बिरू येईपर्यंत वाट पाहिली, मग रावजीचे सगळे ऐकले, सगुणाचे ऐकले, बिरूला शेतावर नेऊन दगडाची जागा खणायला लावली. दगड निघाला. विहीर सगुणाची राहिली.

सगळ्यांचेच भले झाले असे नाही. एका म्हाताऱ्याचा साधासा निवाडा लांबला आणि तो निळोपंतांच्या नावाने बोटे मोडत राहिला. निळोपंतांना त्याचीही रुखरुख लागली.

पुढच्या चाळणीला खालच्या आळीने नवा सांगणारा नेमला. त्याचे ऐकून झाले की माणसे उठून निळोपंतांच्या ओसरीवर येऊन बसू लागली. हणमा सर्वांत पुढे होता.

"अरे, मी चुकलो होतो, विसरलात का?" निळोपंत कळवळून म्हणाले. "पुन्हा चुकलो तर?"

"चुकाल की," हणमा म्हणाला. "पण चुकलात तर सांगाल. बोला आता."

तात्पर्य: न्याय ज्याच्या हाती द्यायचा, तो किती चटकन बोलतो हे पाहू नये, दुसऱ्याचे ऐकण्यासाठी थांबतो का हे पाहावे. आणि आपल्या सांगण्याने कुणाचे नुकसान होणार असे दिसले, तर लाज सोडून आपली चूक वेळेवर बोलून दाखवावी.