सहीचे चारशे

“चारशे मागितले बाबा. जास्त मागितले काय?”

टेकाळे वकील बसायच्या आधीच बोलला. मोटारसायकल लिंबाखाली लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं, अन् सुरू.

गुलाबशा फकीर एका जुन्या कबरीवरचं गवत उपटत होता. त्यानं मान वर केली नाही.

ही जागा तालुक्याच्या गावाबाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं. गरिबांचं कबरस्तान. फकीर तिथंच राहतो, तिथंच खोदतो. वकील दर गुरुवारी त्याच्या पाया पडायला येतो. नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मी एका कबरीला विटांचा कठडा बांधत होतो, म्हणून कानावर पडलं. ऐकायला गेलो नव्हतो.

“कशाचे चारशे?” फकीर म्हणाला.

“सहीचे.”

“तुझ्या?”

“माझ्या नाही हो. लोकांच्या. कर्ज घेणाऱ्यांच्या.”

वकिलाला कोर्टात कुणी विचारत नाही. पण नोटरीचा शिक्का आहे त्याच्याकडं, सरकारनं दिलेला. कर्ज देणाऱ्या एका कंपनीनं त्याला कामाला धरलंय. कुणी म्हशीसाठी कर्ज घेतं, कुणी टपरीसाठी. हा त्यांच्या घरी जातो, कागदांवर सह्या घेतो, शिक्का मारतो. एका घराचे दीडशे. त्याच्या घरची चूल त्यावरच चालते, दुसरं काही नाही.

“दीडशेत राहतं काय बाबा? साठाचं पेट्रोल. वर पंक्चर. वर कुत्री. परवा एका म्हातारीला आधार कार्ड सापडेना, दोन तास बसलो. त्याचे किती? दीडशेच.”

“तिचेही दोन तास गेले.”

“ती घरीच होती बाबा!”

मला हसू आलं. वकिलानं माझ्याकडं बघितलं. मी वीट उचलली.

“कंपनीला काय म्हणालास?”

“स्पष्ट सांगितलं. शिक्का माझा, जबाबदारी माझी, उद्या भानगड झाली तर पिंजऱ्यात मी उभा राहणार. चारशेच्या खाली मोटारसायकलला किक मारणार नाही. तर साहेब म्हणतो, शेजारच्या तालुक्यातला एक वकील एकशेवीसमध्ये तयार आहे. म्हटलं, घ्या त्याला. म्हणतो, चार वाजता फोन करतो.”

“मग?”

“मग काय. बसलोय.”

त्यानं फोन काढून कबरीच्या दगडावर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, उचलून मांडीवर घेतला.

“बाबा... तो एकशेवीसवाला खरंच असला तर?”

फकीर गवत उपटत राहिला.

“तुम्ही सांगा ना. कसं बोलू? नरम घेऊ? तीनशेवर येऊ?”

“कंपनी लोकांकडून किती घेते?”

वकील उसळला. “तेच तर! बाराशे. कागदपत्रांचा खर्च म्हणून कर्जातूनच कापतात. माझ्या नावावर बाराशे, अन् माझ्या हातात दीडशे. हा न्याय आहे?”

“लोकांना ठाऊक आहे? बाराशेचं?”

“तिसऱ्या पानावर लिहिलंय.”

“वाचून दाखवतोस?”

“दीडशेत?”

फकीर थांबला. हातातलं गवत बाजूला ठेवलं. पुन्हा वाकला.

वकिलाला वाटलं, याला आपलं दुःख कळलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. समोरच्याला कळलं नाही की तो कागद काढतो. यानंही पिशवी उघडली. एकेक फाईल विटेएवढी जाड.

“हे बघा. आजची अकरा घरं. एकेकाच्या सत्तावीस सह्या. अन् म्हणतात दीडशे.”

फकिराला वाचता येत नाही. त्यानं वरचा कागद घेतला, लांब धरला.

“हा निळा गोल?”

“माझा शिक्का. त्याखाली माझी सही.”

“काय लिहिलंय?”

“हेच. या माणसानं आज माझ्यासमोर सही केली.”

“त्याची सही कुठाय?”

“ती करायचीय. आता इथून त्याच्याकडंच निघालोय.”

फकीर कागदाकडं बघत राहिला.

“तू मात्र आधीच बघितलंस.”

“अहो बाबा, सकाळी घरी बसून एकदम मारून ठेवतो. रजिस्टरही भरून ठेवतो. दारात गेलं की त्यांनी फक्त पेन टेकवायचं. वेळ वाचतो. सगळेच करतात.”

“अन् चारशे मिळाले तर?”

“मग...” वकिलानं छाती पुढं काढली. “मग समोर बसून मारीन. वाचूनही दाखवीन.”

“म्हणजे खरं बोलायचे अडीचशे वर.”

वकिलाचं तोंड उतरलं. मग रागानं लाल झालं.

“तुम्हाला बोलायला काय जातं? नगरपालिकेच्या मेंबरनं तुम्हाला सांगितलं नव्हतं? दहा कबरी खोदून तयार ठेवा, दुप्पट देतो. नाही म्हणालात. आता मोठ्या कबरस्तानात मशीन खोदतंय. अन् तुमच्या चुलीत परवापासून जाळ नाही. गावाला ठाऊक आहे सगळं.”

खोटं नव्हतं. सकाळी माझ्या डब्यातली अर्धी भाकर त्यानं खाल्ली. तीही मी दोनदा म्हटलं तेव्हा.

“हो,” फकीर म्हणाला.

“का नाही म्हणालात पण?”

“कुणाची खोदायची ते कळेना.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. धूळ आमच्या अंगावर येऊन बसली, कुणी झटकली नाही.

मग फकीर उठला. झोपडीच्या कुडाला टेकवलेली बांबूची काठी घेतली.

“उभा राहा.”

वकील झटकन उभा राहिला. टोपी नव्हती म्हणून रुमाल डोक्यावर घेतला. त्याला वाटलं, आता दुवा मिळणार.

फकिरानं काठी त्याच्या पाठीशी लावली. टाचेपासून डोक्यापर्यंत. जिथं डोकं संपलं तिथं नखानं खूण केली. मग दोन कबरींच्या मधल्या मोकळ्या जागेत गेला, काठी आडवी टाकली, रेघ ओढली, अन् कुदळ उचलली.

पहिला घाव बसला तरी वकील रुमाल धरून उभाच.

“कोण गेलं बाबा?”

“कुणी नाही.”

“मग हे कुणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

“बाबा... मी जिवंत आहे.”

“मरायचं तेवढं बाकी आहे. वेळ वाचतो.”

माझ्या हातातली थापी थांबली. ऐंशीच्या पुढचा माणूस, पोटात अर्धी भाकर, अन् कुदळ अशी पडत होती जशी रोज पडते. घाईनं नाही, रागानं नाही. मला उठून त्याच्या हातातली घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

वकील रागारागानं मोटारसायकलकडं गेला. किल्ली लावली. काढली. परत आला.

“थांबा ना बाबा. चेष्टा झाली.”

फकीर थांबला नाही.

“लोक बघतील. काय म्हणतील?”

माती बाहेर पडत होती. घोट्यापर्यंत गेला. मग गुडघ्यापर्यंत. वकील काठावर उकिडवा बसला, मातीकडं बघत. एकदा म्हणाला, “मी काय चोर आहे का?”

चार वाजून गेले तेव्हा फोन वाजला.

वकिलानं तो स्पीकरवर टाकला. आम्ही ऐकावं म्हणून असेल, नाहीतर एकट्यानं ऐकवेना म्हणून.

“टेकाळे वकील, अभिनंदन! मंजूर झाले. चारशे.”

वकील उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. खोटं कशाला सांगू.

“साहेब... फार उपकार झाले.”

“फक्त एक बदल. तुम्ही आता उन्हातान्हात फिरू नका. सह्या आमचा स्टाफ घेईल. तुम्ही शिक्के मारून, तुमची सही करून कोरे कागद आणून द्यायचे. महिन्याला शंभर घरांचे. नावं, तारखा आम्ही भरू.”

वकिलाची नजर खड्ड्यात गेली.

“आवाज येतोय का?”

“येतोय.”

“उद्या पहिले पन्नास पाहिजेत. एकशेवीसवाला माझ्यासमोर बसलाय, तुम्हाला म्हणून आधी विचारतोय. काय करू?”

कुदळ पडत होती.

“तिकडं कसला आवाज आहे हो?”

“काही नाही साहेब. काम चाललंय.”

“मग? हो का नाही?”

वकिलानं फकिराकडं बघितलं. फकीर वाकलेला. नुसती पाठ दिसत होती, फाटक्या कफनीतून मणके दिसत होते.

“...हो.”

फोन बंद झाला. कुदळही थांबली.

“महिन्याचे चाळीस हजार, बाबा,” वकील म्हणाला. घरात कुणी गेल्याचं सांगावं तसं म्हणाला. “घरबसल्या.”

फकिरानं वर यायला हात पुढं केला. वकिलानं धरून ओढला. बाहीला माती लागली, ती तो चोळत बसला. जितकी चोळली तितकी पसरली.

“मला दोन पोरी आहेत बाबा. हप्ते आहेत. मी नाही म्हणालो तर तो एकशेवीसवाला हेच करणार. लोकांचं काय वाचणार होतं?”

फकीर मातीच्या ढिगावर बसला. धाप लागली होती त्याला.

“बोला ना काहीतरी. शिव्या तरी द्या.”

...

“बरं, तो खड्डा बुजवा.”

...

“बुजवा म्हणतो ना! माझ्या मापाचं हे असं उघडं ठेवून मी घरी जाऊन जेवू कसा? काय घ्याल बुजवायचे? दोनशे? चारशे घ्या.”

फकिरानं डोकं हलवलं.

आमच्या भागात खोदलेली कबर रिकामी बुजवत नाहीत. मयत येणारच नसेल तर माणसाच्या बदली आत काहीतरी ठेवावं लागतं, मगच माती लोटतात. वकील याच गावचा. त्याला हे सांगावं लागलं नाही.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“मिस्त्री, एक वीट द्या.”

“विटा दुसऱ्याच्या आहेत,” मी म्हणालो.

तो काठावर उभा राहिला. खांद्याला पिशवी, पिशवीत अकरा फायली अन् शिक्का. ऊन उतरत होतं, तो हलेना.

फकिरानं खोरं हातात घेतलं. मातीत रोवलं, अन् त्यावर हात टेकून वकिलाकडं बघितलं.

“काय ठेवतोस?”