टिटवीचं श्रमदान

त्या मुलखात कुणी कुठे जात नसे, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. मुलखाच्या मधोमध रूळ होते. ते कुठून येतात आणि कुठे जातात, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. एका टोकाला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये वाफेचं इंजिन. ते चालताना कुणीच पाहिलेलं नव्हतं. तरी ते बंद पडल्यापासून मुलखात काही राम राहिला नाही असं सगळे म्हणत, अगदी कालपरवा जन्मलेलेसुद्धा.

म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळे शेडमध्ये श्रमदानाला जमत. गंज खरवडायचा, सांध्यांत वंगण भरायचं, पितळ चिंचेने घासायचं. मजुरी नव्हती आणि सक्ती तर नव्हतीच. रीत मात्र एक होती: ज्याला उणीव दिसेल, त्यानेच ती भरून काढायची. या रीतीमुळे काम भराभर होतं आणि तक्रारी कमी होतात, असं श्रमदानाचे प्रमुख करकोचेअण्णा सांगत. तक्रारी खरोखरच कमी होत्या.

साळिंदराला बॉयलरच्या नळ्या काजळीने तुंबलेल्या दिसल्या. त्या घासायला काही नव्हतं, म्हणून त्याने आपले काटे उपटून दिले. आता ते गुळगुळीत, गुलाबी दिसे आणि वाऱ्याची झुळूक आली की कुणाच्या तरी आडोशाला जाऊन उभं राही. कासवाला बॉयलरच्या पोटाला पडलेलं भोक दिसलं. त्याची पाठ आता तिथे ठोकून बसवलेली होती. कासव चादर पांघरून येई आणि बॉयलरला कान लावून बसे.

"आत कुणीतरी आहे," एकदा ते म्हणालं.

"तुम्हीच असाल, काका," साळिंदर म्हणालं. "हाक मारून बघा."

सगळे हसले. कासवही हसलं. पण त्याने हाक मारली नाही.

भट्टीत अजून कोळसा पडायचा होता, तरी इंजिन हाताला कोमट लागे.

टिटवीने रुळांमधल्या खडीत अंडी घातली होती. तिचा विचार चुकीचा नव्हता. बाजूच्या उंच गवतात मुंगूस होता, आणि खडीत अंडी खडीसारखीच दिसत. पिल्लं बाहेर आली तीही खडीच्याच रंगाची. त्यांना तिने दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. आई तुटक, टोकदार ओरडली की असाल तिथे पोट टेकायचं, डोळे मिटायचे आणि दगड व्हायचं. लांब, उतरता सूर आला की उठून त्या सुरामागे यायचं. दिवसभर ती त्यांना दगड करी. पान हललं तरी ओरडे, मग ते पानच होतं हे बघून स्वतःवर चिडे, आणि पुढचं पान हललं की पुन्हा ओरडे.

"अगं, पोरांना जरा मोकळं सोड," शेजारणी म्हणत. तिला ते पटे. पटल्यावर काळजी आणखी वाढे.

शेडमध्ये ती चिंध्या धुवायला जाई. इंजिन सुरू व्हावं असं तिला फारसं वाटत नव्हतं. पण नुसती धास्ती घेऊन बसणारी, अशी ओळख तिला नको होती.

चाचणीचा दिवस ठरला तेव्हा चिंधी पिळता पिळता तिने विचारलं, "अण्णा, याची शिट्टी कुठाय?"

खरवडण्याचे आवाज थांबले. बॉयलरच्या माथ्यावर, शिट्टीच्या जागी, नुसतं भोक होतं.

"म्हणजे, रुळांवर माझी पिल्लं असतात. इंजिन येतंय हे त्यांना कळायला नको का?"

"वा!" करकोचेअण्णा म्हणाले. "इतकी मंडळी इतके दिवस राबताहेत, कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्हाला दिसलं, बाई."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या उशिरा लक्षात आलं.

"मला आपलं वाटलं म्हणून म्हटलं. माझं काय मनावर घेता! मी पानाला घाबरते."

"दुखत नाही हो," साळिंदर म्हणालं. "आधी जरा गार वाटतं, एवढंच. आणि आईचाच आवाज असला की पोरांना आणखी काय पाहिजे?"

नकार द्यायला टिटवीकडे एकच कारण होतं, पिल्लं. आणि ते तिने आधीच शिट्टीच्या बाजूने खर्चून टाकलं होतं.

"आधी त्यांना रुळांवरून बाजूला नेऊन येते," ती म्हणाली.

"न्या की. चाचणीच्या आत केव्हाही न्या. आवाज मात्र आत्ता द्या, मुरायला वेळ लागतो."

ती बॉयलरच्या माथ्यावर चढली. भोकाला चोच लावून तिने आधी तुटक ओरडून घेतलं, मग लांब सूर लावला. दोन्ही आवाज आत गेले. घुमून काहीच परत आलं नाही. "झालं का?" असं विचारायला तिने चोच वर केली, तर चोचीतून नुसता वारा आला.

टाळ्या झाल्या.

घरी पिल्लं खडीत फिरत होती. तिने चोच उघडली. पिल्लांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे बघावं तसं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. तिने एकाला चोचीने ढकलत रुळाबाहेर नेलं. दुसऱ्याला नेईपर्यंत पहिलं परत आलेलं होतं. चाचणीपर्यंतचा सगळा वेळ ती हेच करत राहिली.

चाचणीला अवघा मुलूख लोटला. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ते चालवणार कोण, ही उणीव बहुधा प्रत्येकाला दिसली होती. म्हणूनच कुणी काही बोललं नाही. इंजिन आपणहूनच निघालं. त्याच्या नळ्यांतून काटे फुलारल्यासारखा आवाज आला. कासवाने चादर घट्ट ओढून घेतली.

टिटवी पिल्लांपुढे पंख पसरून नाचत होती. पिल्लं तिच्याकडे कुतूहलाने बघत होती. तेवढ्यात इंजिन तिच्या आवाजात ओरडलं: तुटक, टोकदार, तिने कधी काढला नव्हता एवढा मोठा. पिल्लांनी पोट टेकलं, डोळे मिटले. पिल्लं रुळांच्या मधोमध दगड झाली, आणि टिटवी कशीबशी उडाली. इंजिन त्यांच्यावरून गेलं. शेवटचं चाक गेल्यावर ती खाली झेपावली. पिल्लं जिवंत होती, ऊबदार होती. फक्त उठत नव्हती.

मग वळणापलीकडून लांब, उतरता सूर आला.

पिल्लं उठली आणि त्या सुरामागे धावत सुटली. शेडपाशी जमलेल्यांना ते फार गोड वाटलं: पुढे इंजिन, मागे पिल्लं, त्यांच्यामागे आई. "रांगेत कशी चाललीत बघा," कुणीतरी म्हणालं. टिटवी पंख पसरून, चोच वासून, जिवाच्या आकांताने धावत होती. वळणावर एका पिल्लाने मागे पाहिलं. त्याला काहीतरी मोठं, पंख पसरलेलं, चोच वासलेलं, मुकाट अंगावर येताना दिसलं.

इंजिन पुन्हा तुटक ओरडलं.

टिटवी वळणावर पोचली तेव्हा तिथे फक्त खडी होती. ती थांबली. तिने चांगलंच शिकवलं होतं. कुठला दगड श्वास घेतोय हे तिलाही ओळखू येईना. इंजिन दिसेनासं झालं होतं. तिने पुढे टाकायला पाय उचलला, पण तो टेकवायला तिला जागा सापडेना, आणि ती तशीच एका पायावर उभी राहिली.