सोपानच्या गाडीचा भोंगा

पिंपळदरी नावाच्या गावात सोपान नावाचा एक भोळा गडी राहत होता. त्याच्याकडे एक मोटरसायकल होती आणि नवी नवरी होती, रेवती. रेवतीची लग्नानंतरची पहिली पंचमी जवळ आली होती. तिच्या माहेरी एसटी जात नव्हती, म्हणून तिचा सगळा जीव त्या मोटरसायकलीत अडकला होता. आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या गाड्या चोरीला जाऊ लागल्या.

"चोर आला की ओरडणारा भोंगा मिळतो म्हणे," रेवती म्हणाली. "तेवढा आणा."

सोपान तालुक्याला गेला. दुकानातले सगळे भोंगे वाजवून पाहिले आणि जो वाजताच खुद्द दुकानदारानं कानांवर हात ठेवले तो निवडला. दुकानदार म्हणाला, "चोराला दिसणार नाही अशा जागी बसवा."

सोपाननं घरी येऊन तो ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरला.

रेवतीनं कणगी उपसली. "अहो, हा गाडीला लावायचा. कुणी हात लावला की ओरडतो. ओरडला की जो असेल त्याला धरायचं, सोडायचं नाही."

"असं सांगायचं ना आधी," सोपान म्हणाला.

मेकॅनिकनं भोंगा सीटखाली बसवला. तो बंद करायचं बटण किल्लीलाच अडकवून दिलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी रेवतीला न्यायला तिचा भाऊ यशवंत मुराळी म्हणून आला. चालून चालून दमला होता बिचारा. त्यानं पिशवी गाडीच्या सीटवर टेकवली. भोंगा ओरडला. सोपान धावत आला आणि मेव्हण्याला गोठ्यातल्या खांबाला बांधून मोकळा झाला.

"दाजी, मी यशवंत."

"ते दिसतंय. पण हात लावलात ना."

रेवतीनं गाठी सोडल्या. आवाज न चढवता म्हणाली, "दारी आलेल्या माणसाला असं करतात होय? बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, काय हवं-नको ते बघायचं."

"असं सांगायचं ना आधी."

दुपारी सोपान आणि यशवंत जेवायला बसले. बाहेर भोंगा ओरडला. सोपान ताटावरून उठला. जरा वेळानं भोंगा थांबला. शेजारची शेळी असेल, म्हणून रेवती भाकरी थापत राहिली.

सोपान आला तो धापा टाकतच.

"कोण होतं?"

"ओळख नाही. गाडीवर आधीच बसला होता, म्हणून बसा म्हणायचं राहिलं. पाणी दिलं. काय हवं विचारलं, तर म्हणाला, हा आवाज थांबत नाही. मग किल्लीच दिली."

यशवंतचा घास हातातच राहिला.

"आणि गाडी?" रेवतीनं विचारलं.

"भोंग्यानं बॅटरी उतरली होती, सुरू होईना. मग मी वेशीपर्यंत ढकलून दिली, तेव्हा झाली सुरू. हात जोडून गेला माणूस. नाहीतर तुझा भाऊ, आल्यापासून तोंड फुगवून बसलाय."

उन्हं कलल्यावर बहीणभाऊ पायीच माहेरच्या वाटेला लागले. सोपान दारात उभा राहून मागून म्हणाला, "सावकाश जा. गाडीची काळजी करू नका. भोंगा आहे तिला."